ताराबाईंच्या तोंडचे वाक्य

तुम्ही स्वतः गात नाही, मग गवयांवर लिहिता कसे, आणि एकाच विषयासाठी चरित्रही हवे आणि कादंबरीही हवी, असे का, हा प्रश्न मला सोलापुरात व्याख्यान संपले की हमखास विचारला जातो.

मी गात नाही हे खरे; तंबोरा लावायला मात्र शिकलो आहे. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे भोपळे आमच्याच जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. माझ्या शेजारी राहणारे वृद्ध गायनशिक्षक असाच एक मिरजेचा तंबोरा लावत असताना घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामधला सुताचा दोरा केसभर पुढेमागे सरकवत, आणि तोवर मुकी वाटणारी तार एकाएकी गुंजू लागे. ‘लागली जवारी,’ एवढेच ते म्हणत. गाणे सुरू होण्यापूर्वीच्या या तासाभरानेच मला गवयांच्या घरात ओढून नेले.

पुढे मी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांचे चरित्र लिहायला घेतले. ते मिरजेत स्थायिक झाले आणि २७ ऑक्टोबर १९३७ रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमल कोइलच्या रेल्वे स्थानकावर वारले, इथपर्यंत अडचण नव्हती. अडलो ते १९२२ सालापाशी. त्या वर्षी त्यांच्या पत्नी ताराबाई माने पाच मुलांना घेऊन त्यांच्यापासून वेगळ्या झाल्या. घर मोडताना झालेल्या बोलण्याची नोंद कुणी ठेवत नाही. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी ताराबाईंच्या तोंडी एक वाक्य घातले, आणि ते मला फार आवडले होते.

शिक्षकांनी खर्डा वाचून नेमके त्याच वाक्यावर बोट ठेवले. ‘हे त्या बोलल्या, असं तुला कुणी सांगितलं?’

मला उत्तर देता आले नाही. वाक्य आजही मला खोटे वाटत नाही; पण ज्या बाईने ते दिवस खरोखर काढले, तिच्या नावावर, तारीखवार पुराव्यांच्या शेजारी माझे वाक्य छापणे म्हणजे तिचा स्वतःचा शब्द हिरावून घेणे होते, हे मला त्या दिवशी कळले. वाक्य मी कादंबरीत नेले. तिथल्या बाईला दुसरे नाव आणि दुसरे गाव दिले, तेव्हा ती त्या एका वाक्यावर थांबलीच नाही; स्वयंपाकघरात, टांग्यात, मुलांना रियाजाला बसवताना ती मला न सुचलेलेही बोलू लागली.

चरित्रातल्या त्या पानावर आता फक्त मुलांची नावे आहेत. आईबरोबर निघालेल्या अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, आणि धाकटी सकीना पुढे सरस्वती राणे म्हणून गायली. जुनी आणि नवी नावे शेजारी शेजारी लिहिताना मी बराच वेळ लेखणी खाली ठेवून बसलो होतो.