पाड्याचा रकाना कुठल्या फॉर्मात?

आरेत आदिवासी राहतात हे अनेक मुंबईकरांना २०१९च्या ऑक्टोबरात कळलं, मेट्रो-३च्या कारशेडसाठी रात्रीतून झाडं पडली तेव्हा. पाडे मात्र दूध वसाहतीपेक्षा जुने आहेत. आरे कॉलनी १९४९ मधली. तिच्या हद्दीत आज २७ पाडे मोजले जातात : केलटीपाडा, खांबाचा पाडा, नवशाचा पाडा, मरोशी पाडा वगैरे. वारली, मल्हार कोळी, कोकणा, काही ठिकाणी कातकरी. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत बोरिवलीच्या बाजूला नवपाडा, तुमणीपाडा आहेत ते वेगळे.

सरकारी कागदावर मात्र पाडा बहुतेक वेळा झोपडपट्टीच्या रकान्यात बसवला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. झोपडपट्टी म्हटली की उत्तर ठरलेलं : १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा दाखवा, ३०० चौरस फुटांची खोली घ्या. खोली वाईट नाही, नळ आणि संडास घरात येतो. पण पाड्यातल्या घराला शेत, खळं, कोंबड्या, देव आणि रान जोडलेलं असतं, आणि त्या फॉर्मात यांतल्या एकालाही रकाना नाही.

शेतीचंच बघा. भात लावायचं तर आधी राब लागतो, म्हणजे रोपांसाठी भाजून घेतलेली जागा. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी जागा निवडायची. खाली शेण, त्यावर झाडांची तोडलेली कवळं, म्हणजे पाल्यासकट डहाळ्या, मग गवत-पेंढा-पालापाचोळा आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा पातळ थर. माती नसेल तर पाला भपकन जळून जातो आणि जमीन तापतच नाही. आग वाऱ्याच्या उलट बाजूने लावतात, म्हणजे ती सावकाश सरकते. जमीन तापली की तणाचं बी मरतं, राख खताला राहते. पावसाबरोबर बी फेकायचं, रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की उपटून लावायचं. पाऊस लांबला आणि रोप म्हातारं झालं तर फुटवे कमी येतात, मग कितीही खत टाका. आता अडचण अशी की कवळं तोडायला झाडावर चढलं की रखवालदार हटकतो. राब कमी भाजला की निंदणी वाढते, निंदणीला माणसं लागतात, आणि घरातली माणसं तोवर कंपनीत किंवा घरकामाला गेलेली असतात. भातशेती पाड्यांवरून आटत चालली त्याला इमारतींइतकंच हेही कारण आहे.

शेतात काही नसतं तेव्हा रान खाऊ घालतं. मेच्या शेवटी, वळवाच्या पावसावर शेवळं येतात, मग कुरडू, टाकळा, फोडशी, कंटोली, बांबूचे कोंब. दादर-बोरिवली-ठाण्याला स्टेशनबाहेर टोपलीत शेवळं विकायला येतात तेव्हा घेणारे एक चूक हमखास करतात : सोबतची काकडं घेत नाहीत. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि घसा खाजतो. म्हणून वरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, बाकीचं बारीक चिरून चिंचेच्या कोळात उकळायचं आणि काकडं ठेचून त्यांचा रस घालायचा. बाजारातल्या काकडीचा याच्याशी संबंध नाही, ही छोटी हिरवी तुरट-आंबट रानफळं असतात. टोपलीवाल्या मावशी मागितली नाहीत तरी देतात, नको म्हणू नका.

आता देव. वाघदेवाचं ठाणं म्हणजे लाकडाचा किंवा दगडाचा पाट, त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि शेंदूर. देऊळ, कळस असं काही लागत नाही, बहुतेकदा झाडाखालीच. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे शहरात वसुबारस असते त्याच दिवशी, इथे वाघबारस. भगत पूजा करतो. नारळ, कोंबडा, दारू चढते. मागणं साधं असतं : आम्हाला, गुरांना सांभाळ. बिबट्याच्या वाटेवर राहणाऱ्यांनी त्याच्याशी केलेला हा व्यवहार आहे, त्याला अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी पाड्यावर रात्र काढून बघावी. अर्थात केवळ देवावर हवाला ठेवून भागत नाही. उघड्यावर कचरा साठला की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. अंधारात शौचाला बसलेलं माणूस, विशेषतः लहान मूल, त्याला ठेंगणं जनावर वाटतं. म्हणून वाटेवर दिवा, घराजवळ संडास आणि वेळेवर उचललेला कचरा या पाड्याच्या खऱ्या मागण्या आहेत. पिंजरा लावून एक बिबट्या नेला की त्याच्या रिकाम्या हद्दीत दुसरा येतो.

कणसरी ही धान्याची देवी. नवा भात तिला दाखवल्याशिवाय खात नाहीत. तारपा हे फुंकायचं वाद्यही नवा भात आला की वाजतं. सुका दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडपानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर तो होतो. लग्नात भिंतीवर चौक लिहिला जातो, मध्ये पालघट देवी. सुवासिनी लिहितात, धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, गाते. तांदूळ भिजवून वाटलेलं पीठ कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या भिंतीवर, शेणामातीच्या सारवणावर धरतं. ऑइलपेंटच्या भिंतीवर ते वाळून पापुद्रे सुटतात. कारवी आपल्याकडे सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकून मरते, आणि तिच्या काठ्या कुडाला उत्तम. राष्ट्रीय उद्यानातून त्या काढायला मनाई आहे. मग पत्रा येतो. पर्यटकांच्या कपावर वारली चित्र छापायला कोणाची हरकत नसते, हा भाग सोडून देऊ.

या सगळ्याला रकाना असलेला एक कायदा आहे : २००६चा वनहक्क कायदा. तो राष्ट्रीय उद्यानातही लागू होतो. अनुसूचित जमातीच्या माणसाचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा, वैयक्तिक हक्क प्रत्यक्ष ताब्याएवढा आणि जास्तीत जास्त ४ हेक्टर. लग्न झालेलं असेल तर नवरा-बायको दोघांच्या नावे. वैयक्तिक दावा नमुना ‘अ’ मध्ये, सामूहिक ‘ब’ मध्ये. पुरावे किमान दोन लागतात, आणि इथेच लोक अडतात, कारण सगळे रेशनकार्ड आणि वीजबिलामागे धावतात. या कायद्याच्या नियमांतला नियम १३ वाचा. घर, बांध, सपाट केलेली जमीन हा पुरावा आहे. पवित्र झाड, देवस्थान, दफनभूमी सामूहिक दाव्यात चालते. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे वाघदेवाचा फोटो आणि आजीचा जबाब फाइलला आधी लावा.

आरेत मात्र आधी पाहायचं ते हे, की जमीन कोणाच्या नावावर आहे. बरीच जमीन दुग्धविकास विभागाची, आणि हा कायदा वनजमिनीवरच चालतो. २०२१ मध्ये ८१२ एकर वन विभागाकडे गेले. राखीव वन करताना भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४ची अधिसूचना निघते, मग कलम ६चा जाहीरनामा, आणि त्यात हक्क मांडायला किमान तीन महिने मिळतात. हा जाहीरनामा पाड्यावर कोणी वाचून दाखवला का, हे विचारलं पाहिजे. वनहक्काचा दावा ग्रामसभेपुढे मांडायचा असतो. मुंबईत ग्रामपंचायत नाही, त्यामुळे ‘ग्रामसभा कुठली’ म्हणून अर्ज परत पाठवतात. पाड्याची सभा बोलावून ठराव, सह्या-अंगठे आणि तारीख असं इतिवृत्त अर्जासोबत ठेवा, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

जातीच्या दाखल्यात दुसरा खड्डा. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० ही मानीव तारीख, म्हणजे पुरावा त्याआधीचा मागतात. तेव्हा आजोबा शाळेत गेलेच नव्हते, तर दाखला कुठून येणार? जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी शोधा, वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कोणाला जात वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते लावा. शाळेत मास्तरांनी मल्हार कोळीच्या पोराला नुसतं ‘हिंदू कोळी’ लिहिलं असेल तर पडताळणीत तेच पुढे येतं, म्हणून पहिलीच्या प्रवेशालाच पूर्ण नाव लिहून घ्या. बारावीनंतर धावाधाव करून उपयोग होत नाही, समितीला वेळ लागतो आणि प्रवेशाची मुदत थांबत नाही.

वनहक्क दावा नाकारला तर कारणांसह लेखी कळवणं बंधनकारक आहे. तिथून ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे, आणि तिचाही निर्णय विरोधात गेला तर पुन्हा ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. खिडकीवरून तोंडी ‘नाही’ आलं तर तो नकार धरू नका. लेखी मागा, कारण दिवस कागद हातात पडल्यापासून मोजले जातात.