भूपातला नसलेला मध्यम

बावीस वर्षे मी सिंधुदुर्गात डबलबारीची भजने केली. समोरच्या बुवांच्या प्रश्नाला पेटीवर हात ठेवून अभंगातून उत्तर द्यायचे, हेच माझे जगणे होते. घशाने साथ सोडली, डॉक्टरांनी रात्रीचे गाणे बंद करायला लावले आणि मी कणकवलीत गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शास्त्र शिकवू लागलो. शिकवणे म्हणजे काय, तर वहीतून मजकूर सांगणे.

त्या दिवशी पत्र्यावर पाऊस कोसळत होता आणि वर्गात चारच मुले होती. राग भूप, थाट म्हणजे रागाचे कुळ कल्याण, वर्ज्य स्वर मध्यम-निषाद (म आणि नी), वादी म्हणजे मुख्य स्वर गंधार (ग), असे मी सांगत असताना नववीतल्या एका मुलीने पेन खाली ठेवले.

"बुवा, कल्याणाची खूण तीव्र मध्यम. भूपात मध्यमच नाय, मगे तो कल्याणात कसो?"

भूपातले गजर मी शेकडो वेळा रंगवले होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. 'पुस्तकात तसे आहे' हे ओठांवर आलेले वाक्य मी गिळले आणि पेटी ओढली. भूप वाजवताना मी प्रथमच स्वतःच्या बोटांकडे पाहत होतो. ती धैवताला (ध) स्पर्श करून पुन्हा गंधारावर येऊन टेकत होती. मग त्याच पाच पट्ट्यांवर देशकार राग वाजवला.

"आता तुमी धैवतार थांबतास," ती म्हणाली.

म्हणूनच देशकार बिलावल थाटात गेला, हे मी सांगितले. पंडित भातखंड्यांनी दहा थाट मांडले, तरी रागाचे घर ठरवताना नुसते स्वर मोजून भागत नाही, त्याचे चलन, म्हणजे स्वरांवरून फिरण्याची त्याची चाल, पाहावे लागते. भूपाचे चलन कल्याणाच्या अंगाचे कसे, हे मात्र शब्दांनी पटण्यासारखे नव्हते. त्यासाठी शुद्ध कल्याण हा राग हवा होता, कारण त्याचा आरोह भूपाचाच असतो आणि अवरोहात पंचमावरून (प) गंधारावर येणाऱ्या मींडेत, म्हणजे स्वरावरून स्वरावर अखंड घसरण्यात, तीव्र मध्यम दडलेला असतो. पेटीवर मींड निघत नाही. म्हणून कित्येक महिन्यांनी मी गायलो, अगदी हलक्या, घोगऱ्या आवाजात, पंचमावरून गंधारापर्यंत सावकाश घसरत. दुसऱ्यांदा गाताना तिने मध्येच हात वर केला.

"हयसर! हयसर मध्यम लपलो हा."

तिने पेन उचलले. उरलेल्या तिघांनी तीच मींड पुन्हा गायला सांगितली.