भाता, बर्फ आणि वॉचमन

जुना लार्ज फॉरमॅट कॅमेरा, म्हणजे मोठ्या शीट फिल्मवर फोटो काढणारा कॅमेरा, मुंबईत नुसता विकत घेऊन चालत नाही, तो पाळावा लागतो. जून उजाडला की त्याच्या तब्येतीच्या तक्रारी सुरू. लेन्सच्या आत बुरशी धरते, भात्याला, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घडीच्या नळकांड्याला, कुबट वास येतो, लाकूड फुगून सरकपट्टी अडते. म्हणून लेन्स हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. घरचे याला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. भात्याला बारीक भोकं पडली होती. अंधारात आत टॉर्च लावला की ती बरोबर दिसतात. बाजाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ठिगळं लावून दिली, आणि पैसे घेताना विचारलं, ‘सूर कुठून निघतो याचा?’

खरं तर माझा जीव होता वागीश्वरीवर. केरळात अलेप्पीला के. करुणाकरन यांनी १९४०च्या दशकात बनवायला घेतलेला सागवानी कॅमेरा. तो काही हाती लागला नाही. लागला तो हा चार बाय पाच इंची.

याची फिल्म म्हणजे सुट्या शीट. होल्डरमध्ये पुढे एक, मागे एक. भरायच्या मिट्ट काळोखात, म्हणजे आमच्याकडे रात्री बाथरूममध्ये, दाराच्या फटीत टॉवेल कोंबून. शीटच्या कडेला खाचा असतात. शीट उभी धरून त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की समजायचं, इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, आपल्याकडे आहे. बाहेरून कोणीतरी कडी वाजवतंच.

ओव्हलवर मात्र सगळं वसूल होतं. काळं कापड डोक्यावर घेऊन कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेत पाहिलं की राजाबाई टॉवर खाली लोंबतो, क्रिकेटवाले डोकी खाली करून धावतात आणि बॉलर भलत्याच बाजूने येतो. कॅमेरा वर न करता नुसती लेन्सची चौकट वर सरकवायची. फिल्म टॉवरला समांतर राहते, त्यामुळे १८७८पासून ताठ उभा असलेला टॉवर फोटोतही ताठच उभा राहतो, मोबाइलमध्ये कलतो तसा मागे कलत नाही.

मोबाइलवर कोणी काहीही काढावं; ट्रायपॉड उघडला की वॉचमन उगवतो. फोर्टातल्या एकाला मी सरळ कापडाखाली घेतलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, ‘साब, उल्टा दिख रहा है, रिपेअर करवा लो.’ परमिशनचं तो विसरला.

पुढे डेव्हलपिंग. फिल्म रसायनात किती वेळ ठेवायची याचे तक्ते सगळे २० अंशांचे, आणि मे महिन्यात आमच्या नळाचं पाणी तिशीला टेकलेलं. तेव्हा फ्रिजमधला सगळा बर्फ माझा, आणि पाहुण्यांना कोमट सरबत.

शीटचे भाव हल्ली ऐकवत नाहीत, म्हणून एक्स-रे फिल्म कापून भरतो. दोन्ही बाजूंना इमल्शन असल्याने ओरखडे फार पटकन पडतात; पण लाल दिव्यात काम होतं आणि ट्रेमध्ये निगेटिव्ह उमटताना डोळ्यांनी पाहता येते. लाल रंग मात्र तिला दिसतच नाही, त्यामुळे बेस्टची बस काळी कुळकुळीत येते. मला ती तशीच आवडू लागलीय. येत्या रविवारी सकाळी डेपोबाहेर ट्रायपॉड लावायचा बेत आहे, तिथला वॉचमन उभं राहू देईल तोवर.