एवढं पांढरं कसं?

"मामा, हे एवढं पांढरं कसं करतात रे?" भाचीने तळहातावर च्युइंगमची गोळी धरली होती.

पाकीट उलटून पाहिलं. घडीत दबलेली बारीक अक्षरं मोबाईलचा टॉर्च लावून वाचली. रंग १७१. म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, पांढरा रंग देणारी पूड. त्यातले बरेच कण १०० नॅनोमीटरहूनही, म्हणजे मीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही लहान असतात.

२०२१ साली युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं, याने डीएनएला इजा होणारच नाही असं खात्रीने म्हणता येत नाही. २०२२ मध्ये युरोपियन युनियनमध्ये खाद्यपदार्थांत त्यावर बंदी आली. आपल्याकडे च्युइंगममध्ये चालतं.

डीएनएला इजा म्हणजे कॅन्सरची भीती. तरी यानेच जठराचा कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण बाबा त्याच आजाराने गेले. गोळी तिला परत देताना हात अडखळला.

चव नाही, पोषण नाही. नुसतं पांढरं दिसावं म्हणून हे लेकरांच्या पोटात कशाला?