हा डबा खरा आहे का?

2023 चा एप्रिल. सकाळी पावणेआठला शांघाय मेट्रोच्या दोन नंबर लाइनमध्ये उभी होते, तेवढ्यात टीममधल्या मुलीनं वीचॅटवर स्क्रीनशॉट पाठवला. श्याओहोंगशू म्हणजे लोक वस्तूंचे अनुभव लिहितात ते चिनी ॲप; त्यावर कुणा आईनं रात्री टाकलेली पोस्ट. मथळ्याची सुरुवातच 'बी लेइ'. शब्दशः, विजेपासून जपा. या ॲपवर त्याचा अर्थ, या वस्तूच्या वाटेला जाऊ नका.

खाली चार फोटो. पहिल्यात आमच्या दूध पावडरचा जुना डबा आणि नवा डबा शेजारी शेजारी. दुसऱ्यात दोन पांढऱ्या बश्यांत दोन्ही पावडरी, खिडकीच्या उजेडात ठेवलेल्या. नवी जराशी पिवळसर. तिसऱ्यात भरलेली बाटली, जशीच्या तशी. चौथ्यात दीडेक वर्षाचं पोर तोंड फिरवून बसलेलं, नुसता कान आणि गाल दिसतोय. आणि एक प्रश्न: "हा डबा खरा आहे का?"

परदेशी ब्रँडचं चीनमधलं सोशल मीडिया सांभाळणाऱ्या एजन्सीत मी काम करते. हा क्लायंट युरोपातला. नाव लिहीत नाही. पोस्ट बघून पोटात गोळा आला, कारण हा प्रश्न कुठून येतो ते मला ठाऊक होतं.

2008 मध्ये सानलू या चिनी कंपनीच्या पावडरीत मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन सापडलं. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख मुलांना त्रास झाला. दुधात पाणी घालायचं आणि तपासणीत प्रथिनं भरपूर दिसावीत म्हणून वर मेलामाइन मिसळायचं, असा तो प्रकार. मी 2012 मध्ये इथे आले तेव्हा ऑफिसमधून कुणी हाँगकाँगला निघालं की पोरंबाळं असलेले सगळे तिथून परदेशी पावडर आणायला त्याच्याकडे पैसे द्यायचे. पुढे 1 मार्च 2013 पासून हाँगकाँगनं नियमच केला, बाहेर पडताना माणशी 1.8 किलो पावडर, म्हणजे दोनच डबे. शेजारच्या टेबलावरची बाई स्वतःच्या बॅगेत दोन आणि नवऱ्याच्या बॅगेत दोन घेऊन आली होती. परदेशी डबा म्हणजे त्या घरांना जीव भांड्यात पडण्याची एकमेव सोय होती. त्या डब्याचा रंग बदलला, वास बदलला, तर आई झोपेल कशी?

ऑफिसात पोचले तोवर कमेंटची रांग लागली होती. "आमच्याकडेही असंच." "नकली असणार." क्लायंटच्या शांघाय ऑफिसचा फोन आला, आणि त्यात दोन मागण्या. एक, ॲपकडे तक्रार करून पोस्ट उतरवा. दोन, तीसचाळीस साध्या आयांकडून चांगलं लिहून घ्या, म्हणजे ही खाली जाईल. या कामाला आमच्यात 'झोंग त्साओ' म्हणतात, गवत लावणं: वाचणाऱ्याच्या मनात वस्तूची हौस रुजवणं. मन लावून केलं तर चांगलं काम आहे ते. पण वस्तू हातातही न धरलेल्या माणसाला पैसे देऊन अनुभव लिहायला लावणं म्हणजे फसवणूक. 2022 च्या जानेवारीत श्याओहोंगशूनं असलं लिखाण पुरवणाऱ्यांवर कोर्टात दावे केले होते, तो दाखला मी दिला. पण दावे नसते तरी मी नाहीच म्हटलं असतं. इथली आई डबा घेण्याआधी ब्रँडच्या नावापुढे 'बी लेइ' टाकून शोधते, वाईट काय लिहिलंय ते आधी वाचते. तिथे सगळं गोडगोड दिसलं तर तिचा संशय वाढतोच.

मग मी आमचीच मार्चमधली पोस्ट उघडली. ती मीच लिहिली होती. 'शेंग जी', म्हणजे दर्जावाढ. नवा डबा, नवं झाकण, हसरं कुटुंब. पावडर का बदलली ते शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. कारण अगदी साधं होतं. 22 फेब्रुवारी 2023 पासून चीनमध्ये बालदुधाची नवी राष्ट्रीय मानकं लागू झाली आणि सगळ्याच कंपन्यांना घटकांचं प्रमाण नव्यानं बसवावं लागलं. एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या पावडरीत कर्बोदकांपैकी निम्मं तरी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, हवं, ही त्यातलीच एक अट. त्या तारखेआधी बनलेले डबे मुदत संपेपर्यंत विकायला परवानगी होती, म्हणून जुने-नवे दोन्ही दुकानात. हे मला माहीत होतं आणि मी ते आयांना मोठ्या अक्षरात सांगितलं नव्हतं. चूक माझी होती.

पोस्टवाल्या आईला मेसेज लिहायला बसले. ग्राहकसेवेत इथे सरसकट 'छिन' म्हणतात, म्हणजे प्रिय. ते मी खोडलं आणि 'निन' लिहिलं, आपलं आदराचं 'तुम्ही'. डब्याच्या तळाशी छापलेला बॅच नंबर मागितला. दहा मिनिटांत फोटो आला आणि खाली एक ओळ: "मला पैसे नकोत. पोस्ट काढणार नाही."

"काढू नका," मी लिहिलं. "मला फक्त तपासायचंय."

नंबर कारखान्याच्या यादीशी जुळला. डबा खरा होता. पण उत्तर उघड द्यायचं तर मुख्यालयाची परवानगी हवी आणि तिकडे सकाळ होते आमच्या दुपारी तीनला. तोवर कमेंट वाढत राहिल्या. तीननंतर त्यांचा मसुदा आला, त्यात 'सर्वोच्च दर्जा' आणि 'सर्वात सुरक्षित'. चीनच्या जाहिरात कायद्याच्या नवव्या कलमात असल्या 'सर्वोत्तम' छापाच्या शब्दांना बंदी आहे. दंड 2 लाख ते 10 लाख युआन. ते शब्द त्यामुळेच निघाले, पण मला त्याहून मोठी गोष्ट मान्य करून घ्यायची होती: 'आम्ही हे आधी स्पष्ट सांगायला हवं होतं' हे वाक्य. वकिलांना ते नको होतं. दीड तास त्या एका वाक्यावर बोललो. मी त्यांना चौथा फोटो पुन्हा पुन्हा दाखवला. शेवटी राहिलं.

साडेपाचला ब्रँडच्या खात्यावरून तिच्या पोस्टखाली उत्तर टाकलं. डबा खरा आहे, रंग आणि चव का बदलली, जुना डबा तळाच्या तारखेवरून कसा ओळखायचा, आणि 'झ्वान नाइ', म्हणजे दूध बदलणं, कसं करायचं: जुन्या पावडरीतला एक चमचा काढून त्या जागी नवीचा एक, बाळाला पचतंय ना ते बघत थोड्या थोड्या दिवसांनी पुढचा. इथल्या आयांना ही रीत पाठ असते. डबा बदललाय एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं खरंच पोस्ट काढली नाही. मथळ्यातलं 'बी लेइ'सुद्धा तसंच ठेवलं. फक्त पहिल्या ओळीच्या वर लिहिलं, "बॅच तपासली, डबा खरा, मानक नवं." रात्री तिचा मेसेज आला, त्यात मला 'चिए' म्हटलं होतं, ताई. तिच्याकडे जुन्या पावडरीचे दोन सीलबंद डबे होते, त्यांची मुदत नक्की कशी वाचायची एवढंच विचारलं होतं. मी सांगितलं. दोन दिवसांनी तिनं कमेंटमध्ये कुरिअरच्या पावतीचा फोटो टाकला, पत्ता झाकून. हांगझोऊच्या कुणा आईच्या बाळानंही नवं दूध तोंडात धरलं नव्हतं. दोनातला एक डबा तिला पाठवला होता.