खांब गाडण्याआधी

आमचं मूळ काम डवरे-वखर वेल्डिंग करून देण्याचं. घाटंजी तालुक्यातलं गाव, गिऱ्हाईक सगळं कापूसवालं. एकदा शाळेच्या गुरुजींनी खो-खोचे खांब मागितले. मी हौसेनं लोखंडी पाइपचे केले, लाल रंगही दिला. गुरुजींनी परत पाठवले. खांब लाकडी हवा, गुळगुळीत हवा, जमिनीच्या वर 120 ते 125 सेंटीमीटर. पोरगं पळत येऊन त्याला धरूनच वळतं. त्या पाइपांचे पुढे गोठ्यात खुंटे झाले, आणि वर्कशॉपात रंधा आला. क्रीडासाहित्याचा धंदा सुरू झाला तो असा.

साहित्य विकलं की बरेचदा ते शाळेच्या खोलीत कुलपात जायचं. म्हणून एका कंपनीच्या पैशातून शिकवायला ताई ठेवली, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेली. मार्चअखेर पैसे थांबले, ताई गेली. मैदानावर बाप गेलेली पोरं होती. त्यातल्या एकीनं विचारलं, "काका, ताईले आमचा राग आला काय?" मार्चअखेर म्हणजे काय, हे नवव्या वर्षी कसं कळावं?

ताईला परत बोलावून वर्कशॉपच्या पगारावर घेतलं. तेव्हापासून एकच अट: पाच वर्षं थांबता येईल त्याच गावात खांब गाडायचे. एक दिवसाच्या शिबिरांच्या ऑर्डरी नाकारतो. भाऊ अजून चिडतो, आणि हिशेबाच्या बाजूनं त्याचंच बरोबर आहे. कोरोनात तर ताईला अर्धाच पगार दिला. ते मला आजही लागतं.

एका पोराला पाठीवर हात चालायचा नाही. खो मिळतो तो पाठीमागून, हात लावून आणि तोंडानं "खो" म्हणून. "मले नको देऊ," म्हणायचा. ताईनं कारण विचारलं नाही. त्याच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि वर्षभर वेळ त्यालाच धरायला लावली. दुसऱ्या वर्षी ती खो द्यायच्या आधी लांबूनच त्याचं नाव घ्यायची. तिसऱ्या वर्षी तो पाटीवर, म्हणजे खो घ्यायला मैदानातल्या ओळीत, बसला. दरम्यान त्याच्या आईचे बालसंगोपन योजनेचे कागदही ताईनंच जमवले: बापाच्या मृत्यूचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, चार चकरा. आता महिन्याला 2,250 रुपये येतात, उशिरा का होईना. खेळ शिकवणारीचं हे काम नव्हे असं मलाही वाटायचं, पण पोरगं तिच्याशीच बोलत होतं.

वेचणीच्या दिवसांत पोरं संध्याकाळपर्यंत वावरात असतात, म्हणून सराव पहाटे सहाला. थंडीत निम्मी येतात. ताई मात्र रोज.

सध्या तीन गावं आहेत. चौथ्याचे सरपंच दोनदा येऊन गेले. त्यांचे खांब तयार आहेत, तेल पाजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभे. पाच वर्षं थांबेल असा शिकवणारा अजून मिळालेला नाही, म्हणून दिलेले नाहीत.