किती आले, असं तुम्ही विचारता

आमच्या ख्रिस्ती संमेलनात जेवणाच्या रांगेत कोणीतरी मला हा प्रश्न विचारतंच. "सिस्टर, इतकी वर्षं तुम्ही त्या कोकणातल्या वाडीत काढलीत. किती जण प्रभूकडे आले?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला कळतं. मी "एकही नाही" म्हणते आणि ताट घेऊन पुढे सरकते. यंदा एका तरुण पाळकांनी माझ्यामागोमाग येऊन पुढचंही विचारलं. "मग कमी काय पडलं? तुमचं सांगणं, की तुमचा देवावरचा भरवसा?" ते मनापासून विचारत होते. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एरवी हे मी कोणाला सांगितलं नसतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी गप्प बसले नव्हते. नर्स म्हणून नगरहून बदली होऊन 1998 साली मालवण तालुक्यात आले, तेव्हापासून मी कोण आहे हे वाडीत कोणापासून लपलेलं नाही. नाताळात करंज्या घरोघर जातात, गणपतीत त्यांच्या घरचे मोदक माझ्याकडे येतात. कोणी विचारलं तर मी येशूबद्दल सांगितलं, कधी न विचारताही सांगितलं. पण औषधाच्या बदल्यात कोणाला प्रार्थना करायला लावली नाही. कोणाच्या घरच्या देवाबद्दल वावगा शब्द काढला नाही. तरी "नर्सबाई बाटवायला आलीय" हे माझ्या पाठीमागे बोललं गेलंच, आणि ते ऐकून मी घरी येऊन रडलेही आहे.

कायद्याचं म्हणाल तर संविधानाचं कलम 25 मला माझ्या धर्माचा प्रसार करू देतं, आणि 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही. आपल्यातले पुष्कळ जण त्या निकालाने दुखावले. मीही दुखावले होते. आता ते वाक्य वाचते तेव्हा वाटतं, हे तर प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात आधीच लिहून ठेवलं होतं. मी लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, वाढवलं ते देवाने. माणसाचं मन वळवण्याचा हक्क मला सरकारने दिला नाही, तसा प्रभूनेही कधी दिला नव्हता. हे मला आधी कळलं असतं तर पुढचं घडलं नसतं.

आमच्या शेजारी तात्या होते. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, त्यांचा वाटा होता, सारा जन्म दर्यावर गेलेला. साखरेने पाय नासला, दोन बोटं काढावी लागली, आणि जखम काही भरेना. ड्युटीवरून आले की मी रोज संध्याकाळी त्यांच्या पडवीत बसून ड्रेसिंग करायची. पाऊण तास लागायचा. त्यांना बोलायला कोणीतरी हवं असायचं. एकदा त्यांनीच विचारलं, "बाये, तुझो देव काय करी? कामधंदो काय?" मी म्हटलं, सुतार होता, पण त्याचे सोबती मासे मारणारे. तात्या उठूनच बसले. "आमचेच मगे! गाबीतच ते!"

त्या दिवसापासून गालील समुद्राच्या गोष्टी सुरू झाल्या. त्यांचे प्रश्न मला कुठल्याही शास्त्र-अभ्यासात ऐकायला मिळाले नव्हते. "तां पाणी गोडा की खारा?" गोडं म्हटल्यावर त्यांचा जरा विरस झाला. पेत्राने रात्रभर जाळं टाकलं, काही मिळालं नाही, सकाळी जाळी धुतली, आणि तेव्हा येशू म्हणाला परत टाक, हे ऐकून ते कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "धुतलेला जाळा परत टाकूचा म्हणजे काय ता तुका ठाऊक नाय. मी टाकलंय नसतंय." मला वाटतं, पेत्राने ते जाळं परत टाकलं त्या विश्वासाची किंमत मला तात्यांमुळे कळली. मी तोवर ते नुसतं वाचत आले होते.

त्यांना सगळ्यांत आवडायची ती वादळाची गोष्ट. येशू होडीच्या मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय, लाटा आत येतायत, सोबती घाबरून त्याला हलवतायत. "वादळात झोप लागणारो माणूस मी एकच बघलंय," ते म्हणाले, "माझो बापूस." ती गोष्ट त्यांनी माझ्याकडून चार-पाच वेळा तरी सांगवून घेतली. कधी मध्येच डोळे मिटायचे. मी पट्टी बांधून, सामान आवरून, हळूच उठून यायची.

एकदाच ते बिनसले होते. मी सांगत होते की येशूने पेत्राला म्हटलं, मी तुम्हांला माणसं धरणारे करीन. तात्यांनी पाय मागे घेतला. "मगे आमी काय मासळी?" मी हसून वेळ मारून नेली. रापण दोन्ही टोकांनी ओढत किनाऱ्यावर आणतात तेव्हा आतली मासळी कशी तडफडते, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. त्यांना ते वाक्य कसं ऐकू आलं असेल, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

मग 2009 चा श्रावण. त्याच्या आधी मी एका संमेलनाला जाऊन आले होते. तिथे बायबलातल्या यहेज्केलाच्या पुस्तकातल्या पहारेकऱ्यावर संदेश झाला. पहारेकऱ्याने इशारा दिला नाही तर मेलेल्याच्या रक्ताचा झाडा त्याच्याकडून घेतला जाईल. माझी झोप उडाली. तात्यांची मूत्रपिंडं काम करेनाशी झाली होती. मी नर्स आहे, दिवस किती उरलेत हे मला दिसत होतं. नारळी पौर्णिमा चार दिवसांवर होती. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, कंदिलाच्या उजेडात मी पट्टी सोडली. तात्या म्हणाले, "आज ती गोष्ट सांग." आणि मी सांगितली नाही. मी म्हटलं, तात्या, आता गोष्टींना वेळ नाही. मी त्यांचा हात धरला आणि पाप, मरण, तारण, सगळं एका दमात बोलत सुटले. नुसतं हो म्हणा, तात्या. माझ्यामागून एवढी चार वाक्यं म्हणा. ते काही बोलेनात तसा माझा आवाज चढत गेला. जखम उघडीच होती. पाणी डोळ्यांतून वाहत होतं, त्यांच्या नाही, माझ्या.

ते म्हणाले, "बाये, माका धरू नको."

आणि भिंतीकडे तोंड केलं. दारात त्यांचा मुलगा उभा होता. कधीपासून होता, मला माहीत नाही. त्याने मला पट्टी पुरी करू दिली. मग सामानाची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "बाई, उद्यापासून येव नका. आमी दुसऱ्याक बघू."

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तात्या गेले. रडणं मी माझ्या ओट्यावरून ऐकलं. आत जायची मला हिंमत झाली नाही. बाराव्यालाही कोणी बोलावलं नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर एके दुपारी तात्यांच्या घरच्या काकी आल्या. पदराखाली बांगडे होते. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "शेवटच्या राती तेंका ती गोष्ट व्हयी हुती. होडयेतली. वादळाची. आमका कोणाक येता?"

मला रागावायला त्या आल्या नव्हत्या. जे झालं तेच सांगत होत्या. शेवटच्या रात्री त्या माणसाने तीच गोष्ट मागितली, आणि ती सांगू शकणारी एकटी बाई दोन घरं पलीकडे जागी बसली होती. तिला तिथे यायला बंदी होती, आणि ती बंदी तिने स्वतः ओढवून घेतली होती.

काकी म्हणाल्या, "माका तरी सांग." मी सांगितली. शेवटी काही विचारलं नाही, काही जोडलं नाही. त्या रिकामी पिशवी घडी घालून घेऊन गेल्या.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. त्या रात्री मी जे केलं त्याला तेव्हा मी आत्म्यांसाठी कळकळ म्हणत होते. आज मला वाटतं तो अविश्वास होता. मी घाई केली नाही तर देवाला वेळेत पोचता येणार नाही, असं मी मनातून धरून चालले होते. ती वादळाची गोष्ट आहे तो मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय मी नंतर पुन्हा काढला, तेव्हा दिसलं की त्यात दोन झोपा आहेत. वादळातली येशूची एक, आणि त्याच्या थोडी आधी, बी टाकून रात्री झोपी जाणाऱ्या शेतकऱ्याची. बी कसं रुजतं ते त्याला ठाऊक नसतं, असं प्रभूनेच म्हटलंय. इथे रोहिणी नक्षत्रात भात पेरतात. तरवा वर यावा म्हणून रात्री कंदील घेऊन वाफ्यात बसलेलं कोणी मी पाहिलेलं नाही. त्या अध्यायातली मी मात्र होडीतल्या त्या सोबत्यांसारखी होते, झोपलेल्या धन्याला हलवून "तुला काळजी नाही का" म्हणून ओरडणारी.

पण त्या वेळची मी काही इतक्यात गप्प बसत नाही. ती मला विचारते, तुझं झोपेचं बोलणं ठीक आहे, पण तू गेल्या दहा वर्षांत कितीदा तोंड उघडलंस? शेतकरी झोपतो ते बी टाकल्यावर. तू भरवशाच्या नावाखाली बी घरातच ठेवलं नाहीस ना? तुझा हा शांतपणा म्हणजे भिंतीकडे वळलेल्या त्या तोंडाची भीती नाही कशावरून? तिला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. काही दिवस ते खरंच भय असतं. करिंथात प्रभूने पौलाला रात्री सांगितलं होतं, भिऊ नको, बोलत राहा. पौलालाही ते सांगावं लागलं.

तुम्ही आकडा मागता तेव्हा मला कवी ना. वा. टिळक आठवतात, आपल्याच कोकणातल्या, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी आदराने गप्पा मारल्या, नवा करार हातात दिला, आणि तो आपल्या वाटेने गेला. टिळकांचा बाप्तिस्मा झाला 1895 साली. त्यांच्या मागोमाग पत्नी लक्ष्मीबाई आल्या त्या 1900 साली, मधल्या पाच वर्षांत काय काय भोगून, आणि स्वतःच्या पायांनी. त्या प्रवाशाला संमेलनाच्या रांगेत कोणी गाठून विचारलं असतं, त्या प्रवासात किती आले, तर त्याने काय सांगितलं असतं? हे मी स्वतःचा बचाव म्हणून लिहितेय, हे मला कळतंय. प्रत्येक डब्यात टिळक नसतात. तात्यांचं काय झालं, त्या भिंतीकडे बघताना त्यांच्या मनात कोण होतं, हे मला या जन्मी कळणार नाही. ते मी देवावर सोपवलंय असं प्रार्थनेत म्हणते, आणि पहाटे उठून परत उचलून घेते.

काकी अजून येतात. पाऊस जोराचा असला की हटकून येतात. कधी गोष्ट मागतात, कधी नुसत्या बसतात. मागच्या आषाढात त्यांनी विचारलं, "त्यो झोपलोलो तर तेका आपल्या माणसांचा बोलणा ऐकाक कसा इला?" मी म्हटलं, ऐकू आलं खरं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, आणि मीही.

मुलगा आता स्वतः रापणीवर जातो. रस्त्यात दिसला की मान खाली घालून निघून जातो. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. पण त्याला सांगायची पहिली गोष्ट सुवार्ता नाही, माफी आहे. मी चुकले, तुझ्या वडिलांना मी त्या रात्री एकटं सोडायला हवं होतं, किंवा गोष्ट सांगायला हवी होती. तेवढं सांगायलाही मला इतकी वर्षं झाली, आणि अजून सांगितलेलं नाही.